गॉडफादरचा तिसरा भाग : शिक्षा पोरीला, माफी बापाला

स्पष्टच लिहितो. ‘गॉडफादर’चा तिसरा भाग फसलेला सिनेमा आहे. गेली पस्तीस वर्षं सगळं जग हेच म्हणतंय आणि बरोबरच म्हणतंय. माझं भांडण निकालाशी नाही. भांडण आहे ते आरोपी कोण ठरवला याच्याशी. सिनेमाची आवड असलेल्या कुणालाही विचारा, तिसरा भाग का फसला? उत्तर तयार असतं. “दिग्दर्शकाची पोरगी घेतली ना! तिला अभिनय येत नव्हता. तिने वाट लावली.” झालं. फाईल बंद.

आम्ही तालुक्याच्या ठिकाणी बातमीदारी करणारी माणसं. असले निकाल आम्हाला नवीन नाहीत. पूल खचला की गुन्हा साइटवरच्या मुकादमावर दाखल होतो. ज्याने घाईत काम उरकायला लावलं, ज्याने पैसे वाचवायला नेमका खांबच कमी केला, तो पुढच्या महिन्यात कुठल्यातरी सत्काराला स्टेजवर पहिल्या खुर्चीत असतो. हार घालून. त्यामुळे एखाद्या पडझडीचा सगळा दोष सगळ्यांत लहान माणसाच्या डोक्यावर आला की माझ्यासारख्याला लगेच वास येतो. इथेही तोच येतोय.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. मारिओ पुझोची कादंबरी १९६९ची. तिच्यावर फ्रान्सिस फोर्ड कपोलाने १९७२ साली पहिला भाग काढला, १९७४ साली दुसरा. दोन्हींना सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर. पहिल्या भागात युद्धावरून परतलेला, घरच्या काळ्या धंद्यापासून लांब राहू पाहणारा मायकल कॉर्लिओनी शेवटी बापाच्याच खुर्चीत बसतो. दुसऱ्या भागात तोच मायकल आपल्या सख्ख्या मोठ्या भावाला, फ्रेडोला, तळ्यात होडीवर गोळी घालायला लावतो आणि मग एकटा बसून राहतो. तिसरा भाग आला १९९०च्या नाताळात, तब्बल सोळा वर्षांनी. ऑस्करची सात नामांकनं मिळाली, पुरस्कार एकही नाही. धंद्यात तसा बुडाला नाही. सुमारे साडेपाच कोटी डॉलर घातले आणि साडेतेरा कोटींच्या आसपास जमले. पण लोकांच्या मनातून उतरला तो उतरलाच.

आता त्या पोरीकडे या. तिचं नाव सोफिया कपोला. चित्रीकरण चालू असताना ती अवघी अठरा वर्षांची होती. मायकलच्या मुलीचं, मेरीचं काम विनोना रायडर करणार होती. ती रोमला पोचली आणि तब्येतीच्या कारणाने ऐन वेळी बाहेर पडली. सगळं युनिट खोळंबलं, दिवसाचा खर्च चालू, तारीख ठरलेली. कपोलाने घरातली पोर उभी केली. तिचं काम कच्चं आहे, ते मीही म्हणतो. संवाद सपाट येतात, प्रेमाच्या प्रसंगात ती अवघडलेली दिसते. पण ती काही नोकरी मागायला आली नव्हती. तिला बोलावलं गेलं. बोलावलं कुणी, का, कुठल्या घाईत, हे कुणी विचारलं नाही. वाईट कामासाठी टवाळी म्हणून जे ‘रॅझी’ पुरस्कार देतात, त्यातले दोन त्या वर्षी तिच्या गळ्यात मारले. कपोला पुढे म्हणाला की सिनेमात बापावर झाडलेल्या गोळ्या जशा मेरीला लागल्या, तसंच माझ्यावरची टीका माझ्या मुलीला झेलावी लागली. बरोबर बोलला. फक्त गोळीच्या वाटेत तिला उभं कुणी केलं, हे वाक्य त्याला जोडायला हवं होतं.

(याच सोफियाला पुढे ‘लॉस्ट इन ट्रान्सलेशन’च्या पटकथेसाठी ऑस्कर मिळालं. म्हणजे पोरीला सिनेमा कळत नव्हता असंही नाही.)

मग खरे आरोपी कोण? एकेक घेऊ.

पहिला आरोपी घाई. कपोलाला हा सिनेमा करायचाच नव्हता. वर्षानुवर्षं तो नाही म्हणत होता. त्याच्या मते गोष्ट दुसऱ्या भागात संपली होती. पण १९८२चा त्याचा ‘वन फ्रॉम द हार्ट’ आपटला आणि तो कर्जात बुडाला. कर्जदार माणसाला ‘नाही’ म्हणणं परवडत नाही, हे आपल्याकडच्या माणसाला वेगळं सांगायला नको. त्याने आणि पुझोने पटकथेसाठी सहा महिने मागितले आणि १९९१च्या ईस्टरला प्रदर्शन. पॅरामाउंट कंपनीने सहा आठवडे दिले. कारण काय, तर १९९०च्या नाताळाला लावायला त्यांच्याकडे मोठा सिनेमा नव्हता. सोळा वर्षं थांबलेल्या माणसांना चार-पाच महिने थांबता आलं नाही!

त्या घाईचा परिणाम पडद्यावर दिसतो. मायकल व्हॅटिकनच्या बँकेचा खड्डा भरायला साठ कोटी डॉलर देतो आणि बदल्यात ‘इमोबिलियारे’ नावाची अवाढव्य कंपनी ताब्यात घ्यायला बघतो. विषय तर जबरदस्त आहे. कारण त्याच्यामागे खरी प्रकरणं आहेत. पोप जॉन पॉल पहिले १९७८ साली निवडून आले आणि अवघ्या ३३ दिवसांत वारले. हृदयविकाराने गेले असं व्हॅटिकनने सांगितलं, खुनाची कुजबुज झाली, सिद्ध काही झालं नाही. ज्या इटालियन बँकेचे व्हॅटिकनच्या बँकेशी घनिष्ठ व्यवहार होते ती बँको अँब्रोसियानो १९८२ साली बुडाली आणि तिचा प्रमुख रोबेर्तो काल्व्ही लंडनच्या ब्लॅकफ्रायर्स पुलाखाली लटकलेला सापडला. असला ऐवज हातात असताना सिनेमा करतो काय? कोट घातलेले लोक टेबलाभोवती बसून शेअर, मतं आणि मंजुरी यावर बोलतात. कोण कुणाच्या बाजूने आहे हे दुसऱ्यांदा पाहतानाही नीट लागत नाही. पहिल्या भागाची गोष्ट आजीला तीन वाक्यांत सांगता येते : बापावर गोळ्या झाडल्या, पोराने सूड घेतला, सूड घेता घेता पोर बापापेक्षा वाईट झालं. तिसऱ्याची सांगून बघा.

दुसरा आरोपी कंजुषी. आणि ही कंजुषी नेमकी कुठे केली ते बघा. टॉम हेगन आठवतो? रॉबर्ट डुवालने केलेला. लहानपणी घरात आणून वाढवलेला, वकील झालेला, मायकलचा मानलेला भाऊ. खूनखराब्याच्या त्या घरात हिशेब ठेवणारा माणूस. डुवालने तिसऱ्या भागाला नकार दिला, कारण अल पचिनोला देऊ केलेले पैसे त्याच्यापेक्षा कितीतरी पट जास्त होते. दुप्पट दिले असते तरी चाललं असतं, तिप्पट-चौपट नाही, असं त्याचं म्हणणं होतं. कंपनीने ताणलं, तो गेला. मग पटकथेत टॉमला मेलेला दाखवला आणि त्याच्या जागी जॉर्ज हॅमिल्टनचा एक गुळगुळीत वकील बसवला. तो अख्ख्या सिनेमात मान डोलावतो.

लोक म्हणतात, एक नट गेला तर एवढं काय? टॉम गेला म्हणजे नट नाही गेला, साक्षीदार गेला. मायकलने काय काय केलं हे आतून ठाऊक असलेला, त्याच्या तोंडावर बोलू शकणारा तो शेवटचा पुरुष होता. तो असता तर म्हाताऱ्या मायकलला प्रत्येक दानधर्माच्या वेळी समोर तो चेहरा दिसला असता. साक्षीदार नसला की खटला ढिला पडतो.

आणि इथे मी माझ्या मुख्य मुद्द्यावर येतो. घाई आणि कंजुषीने सिनेमा लंगडा झाला असता, पण उभा राहिला असता. तो आडवा झाला तो तिसऱ्या कारणाने. या सिनेमाने मायकलला माफ करायचं ठरवलं.

पहिले दोन भाग का मोठे आहेत? त्यात गोळीबार भारी आहे म्हणून नाही. ते मायकलवर नजर रोखून बसतात आणि हटत नाहीत. पहिल्या भागात चर्चमध्ये भाच्याच्या बाप्तिस्म्याला मायकल सैतानाचा त्याग केल्याची शपथ घेतो आणि त्याच क्षणी त्याची माणसं शहरभर मुडदे पाडत असतात. मग स्वतःच्या बहिणीचा नवरा मारतो आणि बायकोच्या डोळ्यांत बघून खोटं बोलतो. दार लागतं, सिनेमा संपतो. दुसऱ्या भागात भाऊ मारतो. आपल्याला त्याच्याबद्दल वाईट वाटतं का? मला तरी अंगावर काटा आला होता. त्याच्याजवळ सगळं आहे आणि कुणी नाही, बस्स. याहून कठोर निकाल सिनेमात क्वचित लागला असेल.

तिसरा भाग म्हणजे त्या निकालावरची फेरविचार याचिका. म्हातारा झाला हो. साखरेचा आजार आहे. पश्चात्ताप झालाय. बघा, किती दान करतो.

माझं म्हणणं हवेत नाही, पुरावे देतो. पहिला, सबंध सिनेमात मायकलचे हात कोरडे कसे ठेवलेत ते बघा. जोई झासा या शत्रूचा खून होतो तेव्हा मायकल दवाखान्यात पडलेला असतो. परवानगी बहीण कॉनी देते, खून पुतण्या व्हिन्सेंट करतो, आणि मायकल उठल्यावर दोघांना झापतो. शेवटी पलेर्मोच्या ऑपेरा हाउसमध्ये मस्काग्नीचा ऑपेरा चालू असताना पुन्हा मुडद्यांची मालिका दिसते, हुबेहूब बाप्तिस्म्याच्या प्रसंगासारखी. पण एक फरक केलाय. तेव्हा हुकूम मायकलचा होता. आता हुकूम व्हिन्सेंटचा आहे. मायकलने गादी त्याच्या हवाली केलीय, पुढे काय होणार हे त्याला पक्कं ठाऊक आहे, आणि तो पोराचं गाणं ऐकत बॉक्समध्ये शांत बसलाय. मेलेल्या मित्राच्या शवपेटीपाशी त्याने पोरांच्या जिवाची शपथ घेतलीय, पुन्हा पाप करणार नाही म्हणून. शपथ पाळली कशी? पाप दुसऱ्याच्या नावावर करून. सिनेमाने ही लबाडी पकडायला हवी होती. तो ती तशीच जाऊ देतो.

दुसरा पुरावा, बायका. मायकलची बायको के. दुसऱ्या भागात याच बाईने सांगितलं होतं की तुझं मूल मी मुद्दाम पाडलं, हा वंश पुढे चालू नये म्हणून. त्यासाठी तिने थप्पड खाल्ली, घर आणि पोरं गमावली. डायन कीटनने तो प्रसंग असा केलाय की विसरता येत नाही. तिसऱ्या भागात तीच के सिसिलीत त्याच्याबरोबर फिरते, डोळे पुसते, आपलं प्रेम कायम होतं म्हणते. आणि कॉनी? तिचा नवरा भावाने मारला. आता ती भावाची मुख्य सल्लागार. फ्रेडो बुडून गेला, देवाची इच्छा, दुर्दैवी अपघात, असं ती मायकललाच समजावते. एका खुनाला घरातच अपघात म्हणायला लागले की समजावं, साक्षी फितूर झाल्या.

यावर एक उत्तर येतं, आणि ते दमदार आहे म्हणून टाळत नाही. “माफी कुठे आहे? त्याची मुलगी त्याच्या डोळ्यांसमोर मरते. याहून मोठी शिक्षा कुठली?”

बरं. शिक्षा झाली कुणाला? मेरीला. तिने काय केलं होतं? चुलतभावावर जीव लावला, आजोबांच्या नावाने चालणाऱ्या धर्मादाय संस्थेची मानद प्रमुख झाली, आणि त्या संस्थेच्या पैशाबद्दल बापाला खरा प्रश्न विचारला. एवढंच. गोळी तिला लागते आणि रडू आपल्याला मायकलसाठी येतं. फ्रेडो मेला तेव्हा आपण मायकलपासून दूर गेलो होतो. मेरी मेल्यावर आपण त्याच्या जवळ जातो. एका निष्पाप मुलीचा मृत्यू गुन्हेगाराला सहानुभूती मिळवून द्यायला वापरला, याला मी न्याय म्हणणार नाही. आणि पडद्यामागेही हेच झालं. कपोलाच्या हिशेबाची किंमत त्याच्या पोरीने मोजली, आणि “बिचारा, केवढ्या अडचणीत सिनेमा काढला” असं म्हणत आपण कपोलाला सांभाळून घेतलं. योगायोग बघा, पहिल्या भागातल्या त्या बाप्तिस्म्यात मायकलच्या समोर जे तान्हं बाळ होतं, तीसुद्धा सोफियाच होती.

सिनेमात काहीच नाही असं म्हणणं खोटेपणा होईल. गॉर्डन विलिसचा कॅमेरा तिन्ही भागांत तोच, आणि तिसऱ्यातही तो अंधाराशी खेळतो तेव्हा बघत राहावं. व्हिन्सेंट झालेल्या अँडी गार्सियामध्ये आग आहे. ऑपेरा हाउसच्या पायऱ्यांवर मायकल किंचाळतो आणि किंकाळीचा आवाजच येत नाही, तोंड नुसतं उघडं राहतं, आवाज बऱ्याच वेळाने येतो. ते पचिनोचं आयुष्यातल्या उत्तम कामांपैकी एक. आणि कार्डिनल लाम्बेर्तोचा प्रसंग. कारंज्यातला दगड काढून तो फोडतो आणि दाखवतो, इतकी वर्षं पाण्यात असून आतून कोरडा. धर्माच्या सान्निध्यात राहून आत काही न झिरपलेल्या माणसांबद्दल तो बोलतोय. पुढच्याच क्षणी मायकल त्याच्यापाशी कबुली देतो, भावाचा खून केला म्हणून रडतो. त्याने पश्चात्ताप खरा केला की नाही, कार्डिनलला शंका आहे. त्या पाच-सात मिनिटांत सिनेमाला खरं काय ते ठाऊक असतं. नंतर विसरतो.

२०२० साली कपोलाने सगळं पुन्हा कापून-जोडून नवी आवृत्ती आणली. नाव ठेवलं ते त्याला आणि पुझोला मुळात हवं होतं ते, ‘मायकल कॉर्लिओनीचा मृत्यू’ या अर्थाचं. १९९०ला ते पॅरामाउंटला चाललं नव्हतं. सुरुवात चर्चमधल्या सन्मान सोहळ्याऐवजी थेट आर्चबिशपबरोबरच्या सौद्याने होते. हे बरंच सुधारलं. आधी पैसा, मग पदक, हा क्रम निदान नागडा दिसतो. आणि शेवटी मायकल मरत नाही, नुसता बसून राहतो. नावात मृत्यू आहे आणि मरण मिळत नाही. चांगली शिक्षा आहे. पण मधला सगळा कोरड्या हातांचा कारभार तसाच आहे. आणि सोफियाही त्यात आहेच. सिनेमा थोडा सुधारला तो तिला वगळून नाही.

आपल्या घरचंही एक उदाहरण घ्या. राम गोपाल वर्माचा ‘सरकार’ २००५चा, ‘गॉडफादर’ला मानवंदना आहे हे त्याने सुरुवातीलाच कबूल केलेला. मुंबईतलं मराठी नागरे घराणं. तिसरा भाग आला २०१७ला, आणि तोही लोकांना रुचला नाही. तिथेही तीच युक्ती, म्हातारा सरकार आणि घरातलाच एक तापट तरुण वारस. फरक एवढाच की वर्माने सुभाष नागरेवर पहिल्यापासूनच खटला भरला नाही. ‘सरकार’ म्हणजे आदरणीय, विषय संपला. कपोलाने मात्र दोन सिनेमे खटला चालवला, दोषी ठरवलं, आणि तिसऱ्यात न्यायाधीशाच्या खुर्चीतून उतरून आरोपीचे पाय चेपायला बसला. म्हणून त्याचा राग जास्त येतो.

एका जुन्या अमेरिकन सिनेमावर एवढं का लिहितोय, असं वाटेल. कारण हा तिसरा भाग मी बातमीदार म्हणून वीस वर्षं पाहतोय. ज्याच्या नावाने एकेकाळी गावात दारं लागायची, तो केस पिकल्यावर मंदिराच्या देणगीदारांच्या फलकावर पहिल्या ओळीत येतो. रुग्णवाहिका देतो, वह्या वाटतो, ‘आधारवड’ म्हणून त्याच्यावर पुरवणी निघते. जुनी प्रकरणं काढली की लोकच म्हणतात, जाऊ द्या हो, म्हातारा झालाय, आजारी आहे. ज्यांचं त्याने वाटोळं केलं त्यांच्या म्हातारपणाची चौकशी मात्र कुणी करत नाही. त्यांच्यावर सिनेमा निघत नाही, पुरवणी तर नाहीच. दान करू नये असं मी म्हणत नाही. दान ही पावती आहे, ती निर्दोष सुटल्याचा निकाल नव्हे. आणि मुकादमाला आत टाकून पूल उभा राहत नाही.

तर पुढच्या वेळी कुणी तिसऱ्या भागाचा विषय काढून सोफियाला शिव्या घातल्या, तर त्याला दोनच गोष्टी विचारा : सहा आठवड्यांत पटकथा कुणी लिहून घेतली? आणि फ्रेडोचं काय झालं?

तिन्ही भाग सलग बघा, जमलं तर एका आठवड्यात. मग पटलं नाही तर भांडायला या. चहा माझ्याकडून.